आधी पंगत मोजा

लिंबाचा रस पाण्यात पातळ करायला घ्या. पेलाभर पाणी, मग तांब्याभर, मग बादली, मग टाकी. आंबटपणा उतरत जाईल आणि शेवटी जिभेला कळेनासाही होईल. पण कितीही पाणी ओतलं तरी त्या रसाचं सोड्याचं पाणी होणार नाही, हे सांगायला रसायनशास्त्र शिकावं लागत नाही.

आता हाच प्रश्न आकडे घालून बारावीच्या वर्गात विचारा. हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण इतकं विरल केलं की एका लिटरमध्ये जेमतेम ०.०००००००१ मोल आम्ल उरलं. त्याचा पीएच किती? बरीच मुलं क्षणात ‘८’ लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतात. पीएच सातच्या वर म्हणजे द्रावण आम्लारीधर्मी. म्हणजे आम्ल पातळ करता करता त्याचं आम्लारी झालं!

सूत्र बरोबर आहे, लॉग बरोबर आहे, उत्तर मात्र अशक्य आहे. आम्ल-आम्लारीच्या गणितांमध्ये जे चुकतं ते आकडेमोडीत क्वचितच चुकतं. बहुतेक वेळा चूक त्याआधीच झालेली असते. भांड्यात कोण कोण आहे आणि त्यातलं भारी कोण, हे न पाहताच सूत्राला हात घातलेला असतो. विद्यार्थ्यांना सूत्रांची यादी पाठ करायला लावण्यापेक्षा ही पाहणी करायला शिकवलं, तर हा धडा निम्म्याहून सोपा होईल, असं मला मनापासून वाटतं.

पाणी रिकामं नसतं

वरच्या गणितात मुलांनी आम्लाचे आयन मोजले, पण पाण्याचे मोजायचे राहिले. शुद्ध पाण्यातही काही रेणू सतत फुटत असतात. एक रेणू फुटला की एक हायड्रोजन आयन आणि एक हायड्रॉक्साइड आयन तयार होतो. हे दोघे पुन्हा भेटले की जुळून पाणी होतं. फुटणं आणि जुळणं सारख्याच वेगानं चाललं की समतोल साधतो. २५ अंश सेल्सिअसला या समतोलात एका लिटर पाण्यात ०.००००००१ मोल हायड्रोजन आयन असतात आणि तितकेच हायड्रॉक्साइड आयन. मोल हे कण मोजायचं एकक आहे. एक मोल म्हणजे ६०२ वर एकवीस शून्यं, इतके कण.

ही शून्यं मोजता मोजताच अर्धं लक्ष उडतं. म्हणून मोलचा अब्जावा भाग, म्हणजे नॅनोमोल, हे एकक घेऊ. मग शुद्ध पाण्यात लिटरमागे १०० नॅनोमोल हायड्रोजन आयन, आणि प्रश्नातल्या आम्लाने आणलेले १०.

मांडवात घरची १०० माणसं पंगतीला बसली आहेत आणि १० पाहुणे आले. पंगत किती जणांची झाली? दहा, असं कोणी म्हणणार नाही. पीएच ८ हे उत्तर मात्र नेमकं तेच म्हणतं. त्यात पाहुणे मोजले आहेत आणि घरची माणसं सोडून दिली आहेत.

मग ११० म्हणावं का? तेही थोडं जास्तच होतं. पाण्याचा एक नियम कधी मोडत नाही. ठरावीक तापमानाला हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन यांच्या संहतींचा गुणाकार कायम राहतो. आपल्या एककात, २५ अंशांना, तो १०० × १०० म्हणजे १०,००० आहे. बाहेरून हायड्रोजन आयन आले की हायड्रॉक्साइडशी त्यांची गाठ जास्त वेळा पडते, काही जोड्या जुळून पाणी होतं आणि घरच्यांची संख्या जरा घटते. पाहुण्यांना जागा द्यायला घरची चार-पाच माणसं उठतात तसंच.

किती उठतात? घरचे उरलेले ‘क्ष’ धरा. पाण्याचा रेणू फुटताना दोन्ही आयन जोडीनेच तयार होतात, म्हणून हायड्रॉक्साइडही क्षच. एकूण हायड्रोजन आयन क्ष + १०. म्हणजे क्ष × (क्ष + १०) = १०,०००. वर्गसमीकरण मांडायचीही गरज नाही, अंदाजाने पाहा: ९५ × १०५ = ९,९७५. अगदी जवळ आलो. नेमकं उत्तर ९५.१ आहे. म्हणजे एकूण हायड्रोजन आयन १०५.१ नॅनोमोल आणि पीएच ६.९८. सातच्या किंचित खाली, आम्लाचं असायला हवं तसंच.

आता याच आम्लाचं द्रावण लिटरला ०.१ मोल इतकं तीव्र असतं तर? पाहुणे १० कोटी नॅनोमोल. नियमानुसार घरचे उरतील १०,००० भागिले १० कोटी, म्हणजे नॅनोमोलचा दहा हजारावा भाग. ते मोजायचं काही कारण नाही. पीएच सरळ १. पाहुणे १,००० नॅनोमोलच्या पुढे असले, तर पाण्याचा वाटा एक टक्क्याच्या आत येतो आणि तो सोडून देता येतो. ते एका नॅनोमोलहून कमी असले, तर आम्लच सोडून द्या आणि ७ लिहा. दोघांचाही हिशेब ठेवावा लागतो तो फक्त मधल्या पट्ट्यात. परीक्षक नेमका तोच पट्टा शोधून प्रश्न काढतात.

न बोलावता आलेला पाहुणा

या गणिताबद्दल पुस्तकं सहसा सांगत नाहीत अशी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. उत्तर ६.९८ लिहून पूर्ण गुण मिळतील, पण प्रयोगशाळेत उघड्या चंचुपात्रात हे द्रावण ठेवून मोजलं तर मीटर ६.९८ दाखवणार नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं आणि तेही हायड्रोजन आयन सोडतं. हवेशी समतोल साधलेल्या शुद्ध पाण्याचा पीएच सुमारे ५.६ असतो. स्वच्छ पावसाच्या पाण्याचाही साधारण तेवढाच. आपल्या एककात हे झाले सुमारे २,५०० नॅनोमोल. आपण १० पाहुणे आणि १०० घरचे यांचा इतका काटेकोर हिशेब केला, आणि मांडवाच्या मागच्या दाराने अडीच हजार येऊन बसले.

म्हणून गणितात ‘शुद्ध पाणी’ असं लिहिलेलं असलं, की उकळून हवा काढून टाकलेलं आणि झाकून ठेवलेलं पाणी, असं समजायचं. ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली उघडी राहिली आणि मीटरवर साडेपाच-पावणेसहा आकडा आला, तर मीटर बिघडलेला नसतो.

लॉग कशाला?

पीएचची कल्पना १९०९ सालची. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन विकरांवर, म्हणजे सजीवांतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांवर, काम करत होते. ही प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याने उभारलेली होती. विकरांचं काम आम्लतेच्या अगदी लहान फरकानेही पालटतं, आणि ती आम्लता लिहायची तर दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग लागते. सोरेनसन यांनी त्यावर सोपा उपाय काढला. हायड्रोजन आयनांची संहती दहाच्या कितव्या उणे घाताइतकी आहे, तेवढाच आकडा त्यांनी लिहायला घेतला. दशांश चिन्हानंतर सातव्या जागी १ असेल तर पीएच ७. नॅनोमोलमध्ये मोजत असाल तर पीएच म्हणजे ९ वजा त्या आकड्याचा लॉग.

माती परीक्षणाच्या अहवालात ‘सामू’ म्हणून छापलेला असतो तो हाच आकडा. कोकणातल्या जांभ्या मातीचा सामू ६ आणि देशावरच्या काळ्या मातीचा ८ आला, तर फरक दोनाचा दिसतो. प्रत्यक्षात हायड्रोजन आयनांत तो शंभरपटीचा आहे. पीएच एकाने उतरला की आयन दहापट होतात आणि ०.३ ने उतरला की दुप्पट, हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे.

ते बसलेलं नसलं की एक ठरलेली चूक होते. पीएच १ आणि पीएच ३ अशी हायड्रोक्लोरिक आम्लाची दोन द्रावणं सारख्या आकारमानाने मिसळली, तर मिश्रणाचा पीएच किती? २ हे उत्तर मोहात पाडतं. पण मिसळतात ते आयन, लॉग नव्हे. ०.१ आणि ०.००१ यांची सरासरी ०.०५०५, म्हणून पीएच १.३०. तीव्र द्रावणात दुसरं द्रावण मिसळणं म्हणजे जवळजवळ तेवढंच पाणी ओतल्यासारखं. तीव्रता निम्मी झाली, पीएच ०.३ ने वाढला. इतकं दिसलं तर लॉग टेबल उघडायचीही गरज पडत नाही.

बोर्डाच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. पण २ चा लॉग ०.३०१ आणि ३ चा लॉग ०.४७७ एवढे दोनच आकडे लक्षात असले, तरी बहुतेक गणितं हातावेगळी होतात. ५ म्हणजे १० भागिले २, म्हणून त्याचा लॉग ०.६९९. १.८ म्हणजे २ गुणिले ३ गुणिले ३ भागिले १०, म्हणून ०.२५५.

सगळेच रेणू फुटत नाहीत

हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पडलं की त्याचा जवळजवळ प्रत्येक रेणू फुटतो, म्हणून त्याला तीव्र आम्ल म्हणतात. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरमधलं ॲसिटिक आम्ल तसं नाही. त्याचे बहुतेक रेणू अखंडच राहतात, थोडे फुटतात, फुटलेले पुन्हा जुळतात. हे सौम्य आम्ल. किती फुटतील ते ठरवणारा आकडा म्हणजे विचरण स्थिरांक: फुटून तयार झालेल्या दोन आयनांच्या संहतींचा गुणाकार भागिले अखंड उरलेल्या रेणूंची संहती. ॲसिटिक आम्लासाठी तो २५ अंशांना सुमारे ०.००००१८ आहे. इथे मायक्रोमोल, म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग, हे एकक सोयीचं पडेल. मग हाच स्थिरांक १८ होतो.

बाटलीवर ‘५ टक्के’ लिहिलेलं व्हिनेगर घेऊ. १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅम, म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. ॲसिटिक आम्लाचा एक मोल ६० ग्रॅमचा असतो, म्हणून लिटरला ०.८३ मोल, म्हणजे ८,३०,००० मायक्रोमोल. यातले क्ष फुटले असं धरा. हायड्रोजन आयन क्ष, ॲसिटेट आयन क्ष, अखंड उरले ८,३०,००० वजा क्ष. म्हणजे क्षचा वर्ग = १८ × (८,३०,००० − क्ष).

इथे अनुभवी माणूस क्षणभर थांबतो. आम्ल सौम्य आहे, क्ष लहान असणार. आठ लाखांतून तो वजा केला न केला, सारखंच. कंसातला क्ष सोडून दिला की वर्गमूळ काढणं एवढंच काम उरतं: १८ × ८,३०,००० चं वर्गमूळ सुमारे ३,८७०. पीएच २.४१. आता मागे वळून तपासायचं. ३,८७० हे ८,३०,००० च्या अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर आहेत, म्हणजे सोडलं ते रास्त होतं. ही तपासणी गणिताचाच भाग आहे आणि ती टाळणाऱ्याचं गणित मी पूर्ण झालेलं मानत नाही.

सोडून द्यायची मर्यादा साधारण ५ टक्के धरतात. हा आकडा वर्गमुळातून येतो. कंसातला आकडा ५ टक्क्यांनी चुकला तर क्ष सुमारे अडीच टक्क्यांनी चुकतो आणि पीएच फक्त ०.०१ ने. विचरण स्थिरांकच आपल्याला दोन अंकांपुरता दिलेला असतो आणि तोही तापमानाबरोबर हलतो. अशा माहितीतून चार दशांशांपर्यंत उत्तर काढण्यात काही अर्थ नसतो.

मात्र तेच आम्ल खूप विरल केलं की चित्र पालटतं. समजा लिटरला १०० मायक्रोमोलच उरलं. कंसातला क्ष सोडला तर १,८०० चं वर्गमूळ ४२ येतं. शंभरातले ४२ फुटले असतील, तर कंसात १०० धरणं चुकीचं आहे. अशा वेळी वर्गसमीकरण सोडवा, नाहीतर त्याहून मजेशीर वाट घ्या. पहिलं उत्तर पुन्हा कंसात घाला: १८ × (१०० − ४२) चं वर्गमूळ सुमारे ३२. पुन्हा: १८ × ६८ चं ३५. पुन्हा: १८ × ६५ चं ३४. एकदा वर, एकदा खाली असं करत उत्तर ३४.४ वर येऊन थांबतं. पीएच ४.४६. पहिल्या घाईच्या उत्तराने ४.३७ लिहिलं असतं.

बाटलीतल्या व्हिनेगरमध्ये अर्धा टक्का रेणू फुटलेले आणि या विरल द्रावणात ३४ टक्के, असं का? फुटायला रेणू एकटा पुरतो, पण पुन्हा जुळायला दोन तुकड्यांची भेट व्हावी लागते. पाणी वाढलं की तुकडे लांब लांब जातात आणि भेटी कमी होतात. त्यामुळे फुटलेले बराच काळ फुटलेलेच राहतात. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये हा संबंध नियमाच्या रूपात मांडला. पाणी वाढवल्यावर फुटणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, तरी एकूण हायड्रोजन आयन मात्र घटतातच. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे कळलं की सौम्य आम्लाचा धडा बराचसा कळला.

चौकट: हाताशी ठेवायचे आकडे

२५ अंशांना पाण्यातल्या दोन आयनांचा गुणाकार: नॅनोमोलमध्ये १०,०००.
३७ अंशांना तोच सुमारे २४,०००. म्हणून शरीराच्या तापमानाला उदासीन पाण्याचा पीएच ७ नसून ६.८ असतो.
लॉग २ = ०.३०१, लॉग ३ = ०.४७७.
ॲसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक ०.००००१८. त्याचा उणे लॉग, म्हणजे पीकेए, ४.७४.
क्ष सोडून दिला असेल तर शेवटी तो मूळ संहतीच्या ५ टक्क्यांच्या आत आहे ना, ते पाहा.

ब्युरेटखालचा फ्लास्क

प्रॅक्टिकलला टायट्रेशन सगळेच करतात. मला ते सबंध धड्याचं सार वाटतं, कारण एकाच फ्लास्कमधली मंडळी टप्प्याटप्प्याने बदलत जातात आणि प्रत्येक टप्प्याला गणिताची रीत वेगळी लागते.

२५ मिलिलिटर ॲसिटिक आम्ल, लिटरला ०.१ मोल, फ्लास्कमध्ये. ब्युरेटमध्ये तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा. थेंब पडायच्या आधी फ्लास्कमध्ये फक्त सौम्य आम्ल आहे. रीत वरचीच, पीएच २.८७.

कॉस्टिक पडू लागलं की पहिला नियम असा: तीव्र आम्लारी समोरच्या आम्लाला पूर्ण संपवतं. तिथे समतोलाचा विचार करायचा नाही, साधी वजाबाकी करायची. १२.५ मिलिलिटर पडलं की अर्धं आम्ल संपून त्याचं ॲसिटेट झालेलं असतं. आता फ्लास्कमध्ये आम्ल आणि ॲसिटेट निम्मे-निम्मे. विचरण स्थिरांकाच्या व्याख्येत ॲसिटेट आणि अखंड आम्ल एकमेकांना कापतात आणि हायड्रोजन आयनांची संहती स्थिरांकाइतकीच उरते. पीएच ४.७४. अनोळखी सौम्य आम्लाचा स्थिरांक प्रयोगाने शोधायचा असेल, तर या अर्ध्या वाटेवरचा पीएच वाचायचा.

या भागात पीएच हट्टाने जागचा हलत नाही. थोडं कॉस्टिक पडलं तर आम्ल त्याला खातं, थोडं आम्ल पडलं तर ॲसिटेट त्याला पकडतं. गुणोत्तर जरासं सरकतं, आणि त्या गुणोत्तराचा लॉग तर त्याहून कमी सरकतो. अशा जोडीला बफर द्रावण म्हणतात.

२४.९ मिलिलिटरला आम्ल २५० भागांतला एक भाग उरलं आहे आणि ॲसिटेट २४९ भाग. ४.७४ अधिक २४९ चा लॉग, म्हणजे पीएच ७.१४. बरोबर २५ ला आम्ल पूर्ण संपलं. फ्लास्कमध्ये फक्त सोडियम ॲसिटेट आहे आणि ते ५० मिलिलिटरमध्ये पसरलं आहे. इथे ‘उदासिनीकरण झालं, म्हणजे पीएच ७’ असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. पण ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन घेतो आणि हायड्रॉक्साइड मागे उरतं. हिशेब केला की ८.७२ येतं. आणखी ०.१ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम दोन थेंब, टाकले की उरलेलं कॉस्टिकच सगळं ठरवतं. ॲसिटेट आता मोजायची गरज नाही. पीएच १०.३०.

२४.९ ते २५.१. चार थेंबांत पीएच तीनाहून जास्त चढला. फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचा रंग ८.२ ते १० या पट्ट्यात पालटतो, म्हणजे ही उडी त्याच्या समोरच घडते आणि फ्लास्क एका थेंबाला फिका गुलाबी होतो. मिथिल ऑरेंज ३.१ ते ४.४ मध्ये रंग बदलतं. ते इथे वापरलं तर आम्ल अर्धंही संपायच्या आत रंग पालटून मोकळं झालेलं असेल. कोणत्या टायट्रेशनला कोणता दर्शक, हा तक्ता पाठ करण्यापेक्षा शेवटच्या बिंदूला फ्लास्कमध्ये कोण आहे एवढं पाहिलं की पुरतं.

तेच गणित, रुग्णालयात

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर ‘एबीजी’ हे नाव पडतंच. धमनीतलं रक्त काढून केलेली ही तपासणी आहे. त्या अहवालात तीन आकडे प्रमुख असतात: पीएच, कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि बायकार्बोनेट. हे तिन्ही एकाच गणिताने बांधलेले आहेत. अमेरिकेत लॉरेन्स हेंडरसन यांनी १९०८ मध्ये कार्बॉनिक आम्ल आणि बायकार्बोनेट या जोडीचं समीकरण रक्तासाठी मांडलं. डेन्मार्कच्या कार्ल हासेलबाल्क यांनी पुढे त्याला लॉगचं रूप दिलं: पीएच म्हणजे ६.१ अधिक (बायकार्बोनेट भागिले विरघळलेला कार्बन डायऑक्साइड) यांचा लॉग.

निरोगी माणसात बायकार्बोनेट लिटरला २४ मिलिमोल असतं. कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० असतो, त्याला ०.०३ ने गुणलं की विरघळलेला वायू मिळतो: १.२ मिलिमोल. २४ भागिले १.२ म्हणजे २०. २० चा लॉग १.३. बेरीज ७.४. नॅनोमोलमध्ये हे फक्त ४० हायड्रोजन आयन झाले.

आता समजा मधुमेह बिघडून किंवा दुसऱ्या कशाने रक्तात लिटरमागे १० मिलिमोल आम्ल तयार झालं. एवढं तीव्र आम्ल शुद्ध पाण्यात पडलं असतं तर हायड्रोजन आयन एक कोटी नॅनोमोल झाले असते आणि पीएच २. रक्तात बायकार्बोनेट ते आम्ल पकडतं. आधी वजाबाकी, टायट्रेशनसारखीच: २४ चं १४ उरतं, आणि पकडलेल्या आम्लाचा १० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड होतो. रक्त बंद बाटलीत असतं तर विरघळलेला वायू ११.२ झाला असता, गुणोत्तर १.२५ आणि पीएच ६.२. त्यात माणूस जगत नाही.

पण हे भांडं उघडं आहे. जादा कार्बन डायऑक्साइड फुप्फुसं बाहेर टाकतात. दाब ४० वरच राखला तर १४ भागिले १.२, पीएच ७.१७, आयन सुमारे ६८ नॅनोमोल. शरीर तिथेही थांबत नाही. श्वास खोल आणि जलद होतो, दाब ३० पर्यंत उतरतो, विरघळलेला वायू ०.९ होतो आणि पीएच ७.२९ वर येतो. हिमोग्लोबिन आणि इतर प्रथिनंही आम्लाचा काही भाग पकडतात. ती आपण सोयीसाठी बाजूला ठेवली आहेत, पण मुख्य काम या जोडीचंच असतं. मधुमेह चिघळलेल्या रुग्णाचा तो धापा टाकल्यासारखा खोल श्वास म्हणजे अपूर्णांकातला छेद कमी करण्याची धडपड असते.

या अवस्थेत कार्बन डायऑक्साइडचा दाब किती उतरायला हवा, यासाठी डॉक्टर विंटर्सचं सूत्र वापरतात: बायकार्बोनेटच्या दीडपट अधिक ८, दोन इकडे-तिकडे. बायकार्बोनेट १४ असेल तर २९. अहवालात ४० दिसले, तर फुप्फुसं साथ देत नाहीत आणि रुग्ण श्वास घेऊन थकत चालला असेल, हे ध्यानात येतं.

आणि आता असा अहवाल पाहा: पीएच ७.४०, बायकार्बोनेट १२, कार्बन डायऑक्साइडचा दाब २०. पहिला आकडा वाचून नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतील. १२ भागिले ०.६ म्हणजे २०, गुणोत्तर निरोगी माणसाइतकंच. पण बायकार्बोनेट १२ असताना दाब २६ च्या आसपास हवा होता आणि तो २० आहे. म्हणजे इथे एक नाही, दोन बिघाड आहेत. शरीरात आम्ल साचलं आहे, आणि त्याची भरपाई करायला लागतो त्याहून जास्त जोराने दुसरंच काहीतरी श्वास चालवतं आहे. ॲस्पिरिन फार मोठ्या प्रमाणात पोटात गेलं की असं चित्र दिसू शकतं, कारण ते शरीरात आम्लही वाढवतं आणि मेंदूतल्या श्वासाच्या केंद्रालाही थेट डिवचतं. अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टर ७.४० वर विसंबत नाहीत. ते रक्तातलं सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनचंच शरीरातलं रूप, मोजायला पाठवतात.